कारखान्याच्या फाटकाबाहेरचा धूर

धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका वीज पिकवतो. शिवाजीनगरच्या माळावर महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं कर्ज त्याला होतं. त्याच्याही आधीपासून ब्राह्मणवेल आणि छडवेलच्या पठारांवर पवनचक्क्या फिरताहेत. त्यांतल्या काही टाटा पॉवरच्या आहेत. आणि याच तालुक्यात एखाद्या शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की नवी बसेपर्यंत उभं पीक तहानलेलं राहतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून विजेवरच्या गाड्यांचा विषय इथं पुण्या-मुंबईसारखा बोलता येत नाही. मोटार कंपन्या शाश्वत वाहतुकीची वचनं देतात, त्या वचनांना लागणारी स्वच्छ वीज अशाच माळांवर तयार होते. तेव्हा त्या वचनांचा हिशेब मागायचा पहिला हक्क साक्रीसारख्या तालुक्याचा आहे, असं मी मानतो.

या लेखात दोघं बोलतात. मामा साक्रीचे. स्वतःची पिकअप स्वतः चालवतात. कांदा, मका भरून पिंपळनेर, धुळे, सुरत अशा फेऱ्या मारतात. भाची चाकणच्या एका मोटार कंपनीत बॅटरीच्या विभागात अभियंता आहे. ही पात्रं मी जुळवली आहेत. त्यांची मतं मात्र साक्रीच्या स्टँडवर आणि चाकणच्या कँटीनमध्ये ऐकू येतात तीच आहेत. मध्ये मध्ये मीही बोलणार आहे, कारण या वादात माझीही एक बाजू आहे.

मामा: तुमच्या कंपन्या म्हणतात, आम्ही पर्यावरण सांभाळतो. मला साध्या भाषेत सांग, सांभाळतात म्हणजे नेमकं करतात काय?

भाची: महिंद्राचंच घ्या ना मामा. नाशिकवरून मुंबईला जाताना इगतपुरी लागते, तिथं त्यांचा कारखाना आहे. २०१९ साली तो देशातला पहिला कार्बन-न्यूट्रल कारखाना म्हणून प्रमाणित झाला. कारखाना चालवताना जेवढा कार्बन हवेत जातो तो आधी कमी केला. विजेची गळती थांबवली, सौर वीज वापरात आणली, आणि जो उरला तो झाडं लावून भरून काढला. २०१६ साली कंपनीनं स्वतःवरच कार्बनची किंमत बसवली होती, टनाला दहा डॉलर. म्हणजे नवं यंत्र घेताना धुराचा खर्चही हिशेबात धरायचा. कोणी सक्ती केली नव्हती. आता २०४० पर्यंत सगळं कार्बन-न्यूट्रल करायचं त्यांनी जाहीर केलंय. टाटा मोटर्सनं प्रवासी गाड्यांसाठी २०४० आणि ट्रक-बससाठी २०४५ साल दिलंय.

मामा: इगतपुरीच्या त्या कारखान्यात बनतं काय?

भाची: इंजिनं.

मामा: काय सांगस! मग ती इंजिनं जातात कुठं? कोणाच्या तरी बोनेटखालीच ना? माझी पिकअप वर्षाला पन्नासेक हजार किलोमीटर पळते. भरलेली असली की लिटरला बारा देते. धर चार हजार लिटर डिझेल. त्याचा कार्बन किती होतो, ते तूच सांग.

भाची: लिटरमागे साधारण २.७ किलो. चार हजार लिटरचे जवळजवळ अकरा टन.

मामा: वर्षाला अकरा टन, एका गाडीचे! दहा वर्षं चालवली तर शंभराच्या वर. तो कारखाना अशी इंजिनं रोज बाहेर काढतो. घर लख्ख झाडायचं आणि कचरा गल्लीत लोटायचा, असं झालं की हे!

मामांच्या बोलण्यातला राग बाजूला ठेवला तरी मुद्दा अचूक आहे, आणि तो या क्षेत्रातल्या जाणकारांनाही मान्य आहे. कंपन्यांचा कार्बन मोजताना तीन भाग करतात. पहिला, कारखान्याच्या स्वतःच्या भट्ट्या-बॉयलरमधून निघणारा. दुसरा, विकत घेतलेल्या विजेमागचा. तिसऱ्यात बाकी सगळं येतं: पोलाद, ॲल्युमिनियम, रबर बनवताना झालेला धूर, आणि विकलेली गाडी भंगारात निघेपर्यंत जाळते ते इंधन. कुठल्याही मोटार कंपनीचा बहुतांश कार्बन या तिसऱ्या भागात असतो. पहिले दोन भाग शून्यावर आणले तरी एकूण बेरजेतला लहान तुकडाच कमी होतो. इगतपुरीचं प्रमाणपत्र खोटं नाही. तिथल्या लोकांनी मेहनतीनं ते मिळवलंय आणि त्यातून वाचलेली वीज खरोखर वाचली आहे. मात्र ते प्रमाणपत्र कारखान्याच्या फाटकापर्यंतचं आहे, आणि जाहिरात पाहणाऱ्या माणसाला ते गाडीपर्यंतचं वाटतं. हा फरक स्पष्ट सांगणं कंपनीचं काम आहे.

भाची: मामा, तुम्ही म्हणता तो धूर कमी करायचा तर इंजिनच काढायला हवं. तेच तर चाललंय. महिंद्रानं २०१० साली बंगळूरची रेवा घेतली, तेव्हा विजेची गाडी म्हणजे खेळणं समजत होते लोक. टाटांची नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये आली. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई २०२४ च्या नोव्हेंबरात आल्या, त्या तर पहिल्या रेघेपासून विजेसाठीच आखलेल्या, आणि बनतात आमच्या चाकणला. चौदा वर्षांत केवढं अंतर कापलं!

मामा: केवढ्याला पडते ती बीई ६?

भाची: शोरूमची किंमत १८ लाख ९० हजारांपासून सुरू झाली होती.

मामा: आणि तू म्हणतेस, कोणाची सक्ती नव्हती. सरकारचा काही नियमच नाही?

भाची: आहे. कंपनीनं वर्षभरात विकलेल्या सगळ्या प्रवासी मोटारींची सरासरी काढतात. २०२२ पासून ती किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आत असायला हवी. गाड्या जड असल्या तर थोडी सूट मिळते. विजेची गाडी त्यात शून्य धरतात.

मामा: बरं.

भाची: आणि सरासरी काढताना एक विजेची गाडी तीन म्हणून मोजतात.

मामा: एकीच्या तीन?

भाची: सुरुवातीला उत्तेजन म्हणून.

मामा: म्हणजे श्रीमंताला एक विजेची गाडी विकली की तिच्या आडोशानं डिझेलच्या थोराड गाड्या आणखी विकायला मोकळीक. हवेला तीन गाड्यांचा फायदा झाला का, वं माय? हवेला एकीचाच झाला.

इथं भाची गप्प बसली नाही, पण तिनं नाकारलंही नाही. तिचं म्हणणं असं, की अशी सवलत नसती तर कुठल्याच संचालक मंडळानं हजारो कोटी रुपये एवढ्या लवकर या कामात घातले नसते. ते मला पटतं. पण सवलतीला वय असावं लागतं. पांगुळगाडा रांगत्या मुलासाठी असतो, असं म्हणण्याची सोय आता उरलेली नाही, कारण ही मुलं चालायला लागली आहेत. हवेच्या हिशेबात एक गाडी एकच धरण्याची वेळ आली आहे, आणि ते मोटार कंपन्यांनी स्वतःहून म्हणावं.

मामांचा पुढचा प्रश्न सगळीकडेच विचारला जातो, पण खान्देशात त्याला पत्ता आहे.

मामा: विजेची गाडी धूर काढत नाही, कबूल. पण तिची वीज येते कुठून? भुसावळजवळ दीपनगरला कोळसाच जळतो ना? तिथली राख वेल्हाळ्याच्या तळ्यात साठते. आजूबाजूच्या शेतकऱ्याला विचार राखेचं. पुण्यातल्या साहेबाची गाडी स्वच्छ, आणि राख आमच्या खान्देशात.

भाची: बरोबर आहे, म्हणून मी आकडेच सांगते. आपल्या देशात सगळी वीज एकत्र धरली तर एका युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन पडतो. गाडी एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. तारांमधली गळती धरून किलोमीटरला साधारण सव्वाशे ग्रॅम. पेट्रोलची गाडी लिटरला सोळा देते म्हटलं तर नुसत्या सायलेन्सरमधून १४५ ग्रॅम. तेल उपसणं, शुद्ध करणं, टँकरनं आणणं धरलं की पावणेदोनशेच्या जवळ. म्हणजे कोळशाच्या विजेवरही ती किलोमीटरला पन्नासेक ग्रॅमनं बरी.

मामा: पन्नास ग्रॅम! आणि तुझी बॅटरी काय झाडाला लागते?

भाची: नाही. बॅटरी बनवतानाच खूप कार्बन जातो. ४५ किलोवॉट-अवरच्या बॅटरीला तीन ते चार टन धरा. ते कर्ज घेऊनच गाडी रस्त्यावर येते. रोज थोडं थोडं फेडते.

मामा: पन्नास पन्नास ग्रॅमनं साडेतीन टन फेडायला किती लागेल?

भाची: सत्तर हजार किलोमीटर.

मामा: आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांची गाडी वर्षाला आठ हजार चालते. सप्तशृंगीला, धुळ्याला, लग्नाला. नऊ वर्षं लागतील की नुसतं कर्ज फिटायला!

या ठिकाणी थांबून विचार करण्यासारखं आहे. सत्तर हजार हा आकडा अटळ नाही. तीच गाडी दुपारी सूर्याच्या विजेवर भरली तर किलोमीटरचा फरक पन्नासवरून दीडशे ग्रॅमच्या वर जातो आणि कर्ज पंचवीस हजार किलोमीटरच्या आत फिटतं. बदलली फक्त भरायची वेळ. रात्री अकराला खटका दाबला तर ती वीज मुख्यतः दीपनगरसारख्या ठिकाणची असते. दुपारी बाराला दाबला तर तीत शिवाजीनगरच्या माळाचा वाटा असतो. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला ढोबळमानानं पंधरा लाख युनिट देतो. १२५ मेगावॉटचे झाले पावणेएकोणीस कोटी. मध्यम गाडीला वर्षाला अठराशे युनिट लागतात असं धरलं, तर साक्रीच्या एका माळावर लाखभर गाड्यांची वर्षाची वीज निघते. ती दुपारीच निघते, आणि दुपारी गाड्या कचेऱ्यांच्या, कारखान्यांच्या, बाजार समित्यांच्या आवारात उभ्या असतात. राज्यात आता दिवसा वापरलेल्या विजेला सवलत देणारे दर आले आहेत, ते याच कारणानं. पण जाहिरातीत काय दाखवतात? रात्री गाडी घरी लावा, सकाळी भरलेली मिळेल. हे सोयीचं आहे, म्हणून खपतं. आपल्या गाडीचा धूर कधी भरल्यावर किती पडतो, हे गाडीच्या पडद्यावर दाखवणं कुठल्याही कंपनीला आजही अवघड नाही. त्यांनी ते दाखवावं.

दुसरी गोष्ट डॉक्टरांच्या गाडीची. मामा बोलता बोलता जे म्हणाले, त्यात या सगळ्या विषयाचं मर्म आहे. बॅटरीचं कार्बनचं कर्ज किलोमीटर चालून फिटतं. जी गाडी कमी चालते, तिचं हळू फिटतं. जी दिवसभर चालते, तिचं लवकर फिटतं. मग विजेवर पहिल्यांदा काय यायला हवं? आठ हजार किलोमीटर चालणारी एसयूव्ही, की पन्नास हजार किलोमीटर चालणारी पिकअप, रिक्षा, एसटी? साक्री आगारातून सुटणारी डिझेलची एसटी लिटरला साडेचार-पाच किलोमीटर देते. दिवसाला तीनशे किलोमीटर चालली तर साठ लिटर, म्हणजे दीडशे किलोच्या वर कार्बन, एका बसचा, एका दिवसात. महामंडळानं विजेवरची शिवाई १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर आणली. १९४८ साली पहिली एसटी ज्या मार्गावर धावली, त्याच मार्गावर. पुढे ५,१५० विजेच्या बसचा करार झाला आणि त्या येण्याचा वेग ठरल्याच्या फार मागे राहिला. त्या बस पिंपळनेर-साक्री-धुळे मार्गावर धावू लागल्या, तर शंभर मोटारींनी होणार नाही एवढं काम एक आगार करील. माझ्या मते मोटार उद्योगानं विजेचा प्रवास चुकीच्या टोकाकडून सुरू केला. नफा मोठ्या गाडीत होता, म्हणून तिकडून केला.

भाची: सगळ्यांनी तसं नाही केलं. महिंद्राच्या ट्रिओ रिक्षा २०१८ पासून आहेत. टाटांनी २०२२ मध्ये एस ईव्ही आणली, छोटा हत्तीच, विजेवरचा.

मामा: किती भरते?

भाची: पहिली आली ती सहाशे किलोची. एका चार्जमध्ये १५४ किलोमीटर, कंपनीच्या चाचणीत.

मामा: सहाशे किलो म्हणजे कांद्याचे बारा कट्टे. माझ्या पिकअपमध्ये मी तीस भरतो, वर ताडपत्री, दोर आवळला की निघालो. बारा कट्ट्यांत ड्रायव्हरचा रोजही सुटायचा नाही. आणि सुरत इथून दीडशेच्या वर आहे. तुमचे १५४ भरल्या गाडीचे की रिकाम्या? घाटाचे की सपाटीचे?

भाची: घाटाचं बोललात म्हणून सांगते. सुरतेला जाताना कोंडाईबारी तुम्ही उतरता, तेही भरलेले. येताना चढता, बहुतेक वेळा रिकामे. विजेच्या गाडीला याहून चांगला रस्ता नाही. उतारावर मोटर उलटी काम करते, ब्रेकवर वाया जाणारी ताकद बॅटरीत परत येते.

मामा: किती येते परत?

भाची: गाडी आणि माल मिळून तीन टन, उतार दोनशे मीटर धरला, तर एक युनिट.

मामा: एकच?

भाची: एकच. पण डिझेलच्या गाडीत ते एकही येत नाही, उलट लायनर झिजतात. शहरात, जिथं दर शंभर पावलांवर ब्रेक लागतो, तिथं हा फायदा जास्त.

मामा: हे आवडलं मला. एकच म्हणालीस. कोणी शोरूमवाला असता तर म्हणाला असता, घाट उतरलात की बॅटरी फुल्ल.

असं बोलणाऱ्या अभियंत्यांची या धंद्याला गरज आहे. मामा विजेच्या विरोधात नाहीत. ते हिशेबाचे आहेत. डिझेलला त्यांना किलोमीटरला सात-साडेसात रुपये पडतात. विजेवर यातला मोठा हिस्सा वाचणार असेल तर ते उद्या गाडी बदलतील. दीड टन भरणारी, भरलेली दोनशे किलोमीटर जाणारी, हप्ता डिझेलच्या बचतीतून निघेल अशी गाडी त्यांना हवी आहे. महिंद्राची विजेवरची मालवाहू झेओ २०२४ मध्ये आली, आणखीही येताहेत. पण त्या मुख्यतः शहरातल्या गोदामातून घरोघरी पार्सलं पोचवण्यासाठी आखलेल्या दिसतात. कांद्याच्या चाळीतून बाजार समितीत माल नेणारा माणूस आराखडा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अजून नाही.

मामा: बरं, गाडी घेतली. भरायची कुठं? आमच्याकडं थ्री फेज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीला टॉर्च हातात धरून पाणी भरायला जातो आम्ही, बिबट्याची भीती घेऊन. त्याच लाइनीवर दहा पिकअप लावल्या तर डीपी पहिल्याच रात्री जळेल. मग नवी येईपर्यंत गाडीही बंद, पाण्याची मोटारही बंद.

भाची: घरगुती सिंगल फेजवर लहान गाडी रात्रभरात भरते...

मामा: व्होल्टेज असलं तर.

भाची: असलं तर. खरंय. राज्याच्या २०२५ च्या धोरणात महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं म्हटलंय. सुरत-नागपूर महामार्ग साक्रीतूनच जातो. दहिवेल, साक्री, नेर असे टप्पे होतील.

मामा: महामार्गावरून जाणाऱ्याला होतील. मळ्यात राहणाऱ्याला?

मग मामांनी विषय तिथं नेला, जिथं त्यांना तो न्यायचाच होता.

मामा: जमिनीचं बोल आता. सूर्याची वीज, वाऱ्याची वीज. सगळं आमच्या माळावर. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील आठवतात ना तुला? पाच एकर बागायती गेली वीज प्रकल्पाला, हातात चार लाखांच्या आसपास टेकवले. मंत्रालयात खेटे घालून घालून म्हातारा माणूस थकला, २२ जानेवारी २०१८ ला तिथंच विष घेतलं. सहा दिवसांनी गेला. ती जमीन कशासाठी होती? आधी कोळशाच्या विजेसाठी घेतली, नंतर सौर प्रकल्पासाठी ठरवली. पवनचक्क्यांच्या वेळी आमच्याच तालुक्यात वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींनी विरोध केला होता, कारण त्यांचे दावे निकालात निघाले नव्हते आणि रस्ते मात्र निघाले. तुझ्या गाडीच्या काचेवर हिरव्या पानाचं चित्र असतं. त्या पानाखाली कोणाची जमीन आहे, ते लिहितात का?

भाची: (थोड्या वेळानं) नाही लिहीत.

मामा: मग अर्धंच लिहितात.

भाची: पण मामा, दीपनगरलाही जमिनी गेल्याच. कोळशाच्या खाणींसाठी विदर्भात गावंच्या गावं उठली. आणि तिथं जमीन जाते, त्यावर धूरही येतो. सौरला जमीन लागते, धूर येत नाही. प्रश्न जमिनीचा न्याय्य मोबदला देण्याचा आहे. सौर नको म्हटल्यानं तो सुटणार नाही.

मामा: सौर नको असं मी कुठं म्हटलं? मी म्हणतो, जमीन देणाऱ्याला भाडं द्या, दर वर्षी, विजेबरोबर वाढणारं. एकदाच पैसे फेकून मोकळे होऊ नका.

या एका वाक्यावर दोघांचं जमलं. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोटार कंपनी म्हणते, आम्ही सूर्याची-वाऱ्याची वीज विकत घेतो. ठीक आहे. मग ज्या प्रकल्पाची वीज घेते, तिथली जमीन कशी मिळाली, मालकाला काय मिळालं, दावे बाकी आहेत का, हे तपासणं तिचंच काम आहे. नटबोल्ट पुरवणाऱ्या छोट्या कारखानदाराच्या दर्जाचे शंभर कागद ती तपासते. मग वीज पुरवणाऱ्याची जमीन का तपासू नये?

झाडं लावून कार्बन भरून काढण्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे, कारण त्याचा चांगला दाखला साक्री तालुक्यातच आहे. बारीपाडा. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी नव्वदच्या दशकात कुऱ्हाडबंदी, चराईबंदी स्वतःवर लादून घेतली, नियम मोडणाऱ्याला दंड ठेवला, आणि उघडा पडलेला डोंगर शेकडो हेक्टर जंगलानं भरला. विहिरींना पाणी आलं. वनभाज्यांची स्पर्धा तिथं दर वर्षी भरते, बाया रानातून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात. २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. बारीपाड्यात जंगल वाढलं ते रोपं लावून फोटो काढल्यानं वाढलं नाही. तीस वर्षं कोणीतरी रोज राखलं म्हणून वाढलं. महिंद्रा २००७ पासून हरियाली नावानं झाडं लावते आहे, आणि त्याबद्दल आदर आहेच. पण कंपनीनं किती लावली यापेक्षा दहा वर्षांनी किती उभी आहेत, हा आकडा मला वाचायला आवडेल. आणि कोणी कितीही लावली, तरी मामांच्या पिकअपचे अकरा टन दर वर्षी शोषायला शेकडो वाढलेली झाडं लागतात. एका गाडीला. झाडं हे डिझेलला उत्तर नव्हे.

मामा: शेवटचं सांग. बॅटरी मेल्यावर? इन्व्हर्टरची जुनी बॅटरी भंगारवाला हसत हसत नेतो, शिशाला भाव आहे. तुझी तीनशे-चारशे किलोची कोण नेईल?

भाची: २०२२ पासून नियम आहे, बनवणाऱ्यानं किंवा आयात करणाऱ्यानं परत घ्यायची. आणि आता आपल्याकडं जास्त करून लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या आहेत. त्यांत कोबाल्ट नाही, निकेल नाही. काँगोच्या कोबाल्टच्या खाणींत राबणाऱ्या मुलांचा प्रश्न त्यातून सुटतो.

मामा: कोबाल्ट नाही, निकेल नाही, म्हणजे भंगारवाल्याला किंमत नाही. म्हणून तर तो नेणार नाही!

भाची: म्हणूनच कंपनीवर जबाबदारी घातलीय.

मामा: साक्रीत ती कोणाकडे देऊ, पत्ता सांग.

पत्ता तिच्याकडं नव्हता. तालुक्याच्या ठिकाणी गाडी विकणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याकडे तो पत्ता भिंतीवर लावलेला असायला हवा.

हा वाद मी कोणाच्या बाजूनं सोडवला नाही, पण माझा निवाडा सांगतो. विजेची गाडी बरी आहे, आणि दर वर्षी आणखी बरी होत जाणार आहे, कारण देशातल्या विजेत सूर्याचा-वाऱ्याचा वाटा वाढतो आहे; जुनी डिझेलची गाडी मात्र दर वर्षी झिजतच जाते. हा मुद्दा भाचीचा, आणि तो निर्णायक आहे. पण मोटार कंपनीला शाश्वत म्हणायचं की नाही, ते मामांच्या मापानंच ठरवायला हवं. कारखान्याच्या प्रमाणपत्रानं ते ठरत नाही. वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्या आयुष्यभरात किती इंधन जाळणार, हा एकच आकडा गेल्या वर्षीपेक्षा घटला का वाढला, ते पाहावं. सूचीबद्ध मोठ्या कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार दर वर्षी पर्यावरणाचा अहवाल द्यावा लागतो. तो कोणालाही वाचता येतो.

खान्देशातल्या बाजार समित्यांच्या संचालकांना माझी विनंती आहे. समितीच्या शेडवर सौर पत्रे बसवा आणि आवारात पिकअपसाठी दिवसा चालणारे चार्जर लावा. लिलाव सुरू असताना गाड्या तिथं तासन्‌तास उभ्याच असतात. एसटीच्या धुळे विभागानं पहिल्या विजेच्या बस साक्री आगाराला द्याव्यात, कारण वीज या तालुक्यानं दिली आहे. आणि तुमच्यापैकी कोणी या दिवाळीत गाडी घेणार असेल, तर शोरूममध्ये मायलेज विचारून थांबू नका. दीड टनाची विजेवरची पिकअप तुमच्याकडे कधी येणार आणि मेलेली बॅटरी साक्रीत कोण परत घेणार, हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.